पाच मिलिग्रॅमचा हिशोब

"शेंड्याचं का पानाचं?" बाबांनी फोनवर पहिला प्रश्न हा विचारला.

मी त्यांना सांगत होतो की दुकानात आम्ही हेम्पच्या, म्हणजे गांजाच्याच पण कमी नशेच्या झाडाच्या, गमीज (चघळायच्या गोळ्या) आणि ड्रिंकचे कॅन ठेवतो आणि आता त्याचं राज्याचं लायसन काढायचं चाललंय. बाबा सोलापुरात राज्य उत्पादन शुल्कच्या ऑफिसातून लिपिक म्हणून रिटायर झालेत, अख्खी नोकरी पंचनामे टाइप करण्यात गेली, त्यामुळे पोरगा अमेरिकेत गांजा विकतो की काय असं घाबरण्याऐवजी त्यांनी सरळ कामाचा प्रश्न टाकला. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोऱ्याचा शेंडा, नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत, शेंड्यासोबत असतील तरच. त्यामुळे भांग तिथून सुटते आणि राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात येऊन अडकते. हे त्यांना तोंडपाठ. मी म्हणलं, बाबा इथे शेंडा-पान भानगड नाही, इथे टक्का बघतात. तर म्हणाले, "टक्का कशाचा?" आणि मला पटकन उत्तर देता येईना. आई मागून म्हणाली, "अंबाडी का रे?" तिचंही चूक नाही, अंबाडीला इंग्रजीत डेक्कन हेम्प म्हणतात आणि तागाला सन हेम्प, या झाडाशी दोन्हींचं काही नातं नाही पण नाव तेच.

तर टक्का कशाचा, इथून सांगतो.

मी मिनेसोटात राहतो, ट्विन सिटीजच्या एका उपनगरात. आयटीतली नोकरी गेल्यावर एका गुजराती मित्राबरोबर निम्म्या भागीत कोपऱ्यावरचं दुकान घेतलं, दूध, अंडी, सिगरेटी, लॉटरी, चिप्स, एका रॅकवर आपले मसाले आणि मॅगी. (मराठी माणूस आणि दुकान यावरचे सगळे विनोद ऐकून झालेत, नवीन असेल तर सांगा.) १ जुलै २०२२ ला इथे एक कायदा लागू झाला आणि एका रात्रीत हेम्पपासून काढलेल्या टीएचसीच्या (झाडातलं नशा आणणारं द्रव्य) खाण्यापिण्याच्या वस्तू २१ वर्षांवरच्या कोणालाही विकायला मोकळ्या झाल्या. एका सर्व्हिंगमध्ये ५ मिलिग्रॅम टीएचसी, अख्ख्या पाकिटात ५०. बास. विकायला लायसन नाही, रजिस्ट्रेशन नाही, काही नाही. ज्या कमिटीत हे मंजूर झालं तिथे मत देऊन झाल्यावर एका सिनेटरनेच विचारलं होतं की आपण आत्ता गांजा लीगल तर नाही ना केला, असा सगळा प्रकार. लक्ष ठेवायचं काम कोणाकडे, तर फार्मसी बोर्डाकडे! म्हणजे औषधाच्या दुकानांवर नजर ठेवणारे लोक आता पेट्रोल पंपावरच्या गमीज मोजणार.

पार्टनर म्हणाला ठेवूया, मार्जिन चांगलं आहे. मी म्हणलं आधी मला समजू दे हे लीगल कसं काय.

समजून घ्यायला मला दुकानातला वजनकाटा लागला. खरंच. केंद्राच्या २०१८ च्या फार्म बिलात, म्हणजे शेतीच्या कायद्यात, हेम्पची व्याख्या अशी की कॅनाबिस सटायव्हाचं झाड किंवा त्याचा कुठलाही भाग, अर्क वगैरे सगळं धरून, ज्यात डेल्टा-९ टीएचसी (टीएचसीचा मुख्य प्रकार) वाळलेल्या वजनाच्या ०.३ टक्क्यापेक्षा जास्त नाही. त्याच्या वर गेलं की गांजा, खाली असलं की शेतमाल. झाड तेच. आता शेतात उभ्या झाडाला ०.३ टक्का म्हणजे काहीच नाही, नशा येणार नाही. पण मी एक गमी मसाल्याच्या काट्यावर ठेवली, ४ ग्रॅम भरली. ४ ग्रॅमचा ०.३ टक्का म्हणजे १२ मिलिग्रॅम. म्हणजे केंद्राच्या व्याख्येत बसून एका गमीत १२ मिलिग्रॅम टीएचसी घालता येतं, आणि नवख्या माणसाला ५ मध्येच व्यवस्थित कळतं की आपण काय खाल्लंय. मग कॅन घेतला, ३५५ मिलिलिटर, म्हणजे धरा ३५५ ग्रॅम. त्याचा ०.३ टक्का? हजार मिलिग्रॅमच्या वर. एका कॅनमध्ये दोनशे माणसांचा डोस आणि तरी कागदावर हेम्प! कायद्यात शब्द वाळलेल्या वजनाचा आहे, मग ड्रिंकमधलं पाणी वाळवून मोजायचं का, यावर वकील लोकांनी काय फिया घेतल्या असतील देव जाणे.

हे पाठकोऱ्या पावतीवर लिहून काढलं तेव्हा डोक्यात उजेड पडला की राज्याला मिलिग्रॅम का मधे आणावे लागले. केंद्राने टक्का शेतकऱ्यासाठी लिहिला, पण गमी शेतात उगवत नाही. टक्क्यातली ही फट बुजवायची तर राज्याला गमीपुरता, कॅनपुरता आकडा द्यावा लागतो. आणि प्रत्येक राज्याने आपापला दिला, म्हणून मिनेसोटात जे चालतं ते शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही, आणि तिकडचा माल इकडे आला तर आपण गोत्यात. जे आम्ही आलोच.

२०२३ मध्ये गव्हर्नर वॉल्झनी मोठा कायदा सही केला, त्यात गांजाच लीगल झाला आणि हेम्पच्या खाद्यपदार्थांना वेगळं नाव मिळालं, लोअर पोटेन्सी हेम्प एडिबल. मराठीत काय म्हणणार, कमी जोराचा हेम्प खाऊ? १ जुलै २०२३ पासून १० टक्के वेगळा टॅक्स, नेहमीच्या सेल्स टॅक्सच्या वर, आणि १ ऑक्टोबरच्या आत प्रत्येक दुकानाने आरोग्य खात्याकडे रजिस्ट्रेशन करायचं. ते रजिस्ट्रेशन म्हणजे ऑनलाइन फॉर्म, नाव-पत्ता-फोन, काय काय विकता, कायदा पाळू असं कबूल करून टिक मारा. पंधरा मिनिटांत झालं. मला वाटलं सुटलो.

२०२४ च्या मार्चमध्ये इन्स्पेक्शन. सकाळी दहा वाजता एक बाई आल्या, हातात टॅबलेट, अतिशय नम्र, आणि मी आपला दुधाचे क्रेट लावत होतो. त्यांनी सांगितलं खात्याकडून आलेय, गमीज कुठे ठेवता. काउंटरच्या मागे कुलूपबंद कपाट आहे ते दाखवलं, त्यावर खूश झाल्या, कारण नियम असा की ड्रिंक सोडून बाकी सगळा माल काउंटरच्या मागे किंवा कुलपात, गिऱ्हाइकाने स्वतः हात घालून उचलता कामा नये. ड्रिंक फ्रिजमध्ये चालतात. मग त्यांनी एकेक पाकीट बाहेर काढायला सुरुवात केली.

पहिलं पाकीट ठीक. पोरांना उघडता येणार नाही असं झाकण, आतलं दिसत नाही, बॅच नंबर आहे, बनवणाऱ्याचं नाव-गाव आहे, मुलांपासून दूर ठेवा लिहिलंय, हे कुठल्या रोगावरचं औषध नाही आणि एफडीएने तपासलेलं नाही हे पण आहे. दुसरं ठीक. तिसऱ्याला त्या थांबल्या. ते पाकीट आम्ही नवीन डिस्ट्रिब्युटरकडून घेतलं होतं, स्वस्त पडलं होतं, आणि आतल्या गमीज कलिंगडाच्या फोडीच्या आकाराच्या, हिरवी साल, लाल गर, काळ्या बिया सुद्धा. वरच्या चित्रात त्याच कलिंगडाला डोळे आणि हसरं तोंड. मी ते शंभरदा बघितलं होतं आणि मला त्यात काही दिसलं नव्हतं. बाईंनी फक्त पाकीट माझ्याकडे वळवून धरलं. माणूस, प्राणी, फळ यांचं कार्टून, लहान मुलांना आवडेल असं, हे चालतच नाही. मग त्यांनी फोन काढून लॅब रिपोर्टचा क्यूआर कोड स्कॅन केला. तो रिपोर्ट म्हणजे या धंद्यातली जन्मपत्रिका, लोक सीओए म्हणतात, त्या बॅचमध्ये टीएचसी किती, कीटकनाशक, शिसं वगैरे जड धातू, बुरशी, सॉल्व्हंट काही राहिलंय का, हे सगळं लॅबने तपासून दिलेलं. स्कॅन केल्यावर पान उघडलं ते भलतंच, वेबसाइटचं नाव विकणे आहे! मला हसू पण येईना आणि रडू पण. एका पाकिटात २० गमीज, प्रत्येकी ५ मिलिग्रॅम, म्हणजे पाकिटात १००. मर्यादा ५०. म्हणजे एका पाकिटात तीन चुका, आणि हे मी माझ्या हाताने कपाटात लावलेलं.

चौदा पाकिटं होती. त्यांनी मोजून लिहून घेतली, विक्रीतून काढायला लावली, तपासणीच्या रिपोर्टची कॉपी ईमेल केली आणि जाताना म्हणाल्या की पुढच्या वेळी माल घ्यायच्या आधी लॅब रिपोर्ट मागा, नंतर नाही. डिस्ट्रिब्युटरला फोन लावला तर म्हणतो दुसऱ्या राज्यात चालतं. पैसे परत दिले नाहीत, फोनही नंतर उचलला नाही.

त्या दिवसापासून एक फाइल केली, जाडजूड, लाल रंगाची, बाबांच्या ऑफिसात असायची तसली. प्रत्येक बॅचचा रिपोर्ट प्रिंट करून, त्यावर माल आल्याची तारीख पेनने. पार्टनर हसतो. हसू दे.

मधे एक सेल्समन येऊन गेला, त्याच्याकडे बरण्यांमध्ये फुलं, सरळसरळ गांजाची फुलं, वास दुकानभर, आणि लेबलवर हेम्प. मी म्हणलं हे कसं. तर म्हणे डेल्टा-९ बघा, ०.२ टक्के. आणि त्याच रिपोर्टमध्ये खाली टीएचसीए वीस टक्क्याच्या वर. टीएचसीए म्हणजे तापवलं की टीएचसी होणारं, म्हणजे काडी लावेपर्यंत हेम्प आणि लावली की गांजा. बाबांचा शेंडा-पानाचा प्रश्न तेव्हा आठवला असता तर दोन मिनिटं वाचली असती, शेंडाच होता तो. राज्य एकूण टीएचसी धरून अशा फुलांच्या मागे लागलेलं, त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

टॅक्समध्ये पण एकदा आपटलो. १ जुलै २०२५ पासून १० चे १५ टक्के झाले, ईमेल आला होता, वाचला होता, स्टार पण मारला होता, आणि बिलिंगच्या मशिनमध्ये बदलायचं राहिलं. नऊ दिवसांनी लक्षात आलं. गिऱ्हाइकाकडून १० घेतले, सरकारला १५ द्यायचे, मधले ५ आमच्या खिशातून. बायकोने फक्त विचारलं, "स्टार कशाला मारतोस मग?"

आता मुख्य गोष्ट, लायसन. रजिस्ट्रेशनचा जमाना संपवून राज्याच्या कॅनाबिस मॅनेजमेंट ऑफिसने, सगळे ओसीएम म्हणतात, जाहीर केलं की १ ते ३१ ऑक्टोबर २०२५ मध्ये सगळ्यांनी लायसनसाठी अर्ज करायचा. दुकानाला अर्जाचे २५० डॉलर आणि लायसनचे २५०. शहराकडे वेगळी नोंदणी, त्याचे १२५. रकमेचं काही नाही, वेळ गेला तो कागदात. मालक कोण कोण, किती किती टक्के, पैसा कुठून आला. आमची भागी तोंडी जास्त आणि कागदावर कमी अशी होती, पार्टनरच्या काकांनी सुरवातीला काही रक्कम घातलेली ती कर्ज म्हणून का भाग म्हणून हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं, आणि ते विचारायला काकांना सुरतला फोन लावायचा म्हणजे तिसरंच महाभारत. शेवटी कर्ज ठरलं, कागद केला, सह्या झाल्या. लायसनच्या निमित्ताने चार वर्षांनी आमची भागी कागदावर आली.

शहरात उलटा अनुभव. काउंटरवरच्या माणसाला हेम्प रिटेलर आणि कॅनाबिस रिटेलर यातला फरक माहीत नव्हता, त्याने मला गांजाच्या दुकानाचा फॉर्म दिला, शाळेपासून किती फूट वगैरे. मी भरून पण टाकला असता. मागून एक वयस्कर बाई आल्या आणि म्हणाल्या, "यांचं ड्रिंक आणि गमीज आहे ना, मग हा नाही, तो." दोन फॉर्मचा रंग सुद्धा एकच होता.

शहर वर्षातून एकदा तरी तपासायला माणूस पाठवतं हे मला माहीत होतं, म्हणजे कायद्यातच आहे, १७ ते २१ मधल्या पोराला आत पाठवायचं आणि आपण विकतो का बघायचं. शनिवारची संध्याकाळ, बायको काउंटरवर होती कारण आमचा नेहमीचा पोरगा आजारी. एक दाढीवाला आला, उंच, कॅन ठेवला. मी बाजूला लॉटरीचं मशीन उघडून बसलेलो, मी त्याच्या दाढीकडे बघितलं आणि मनात पास केला. बायकोने आयडी मागितला. त्याने दिला. इथे २१ च्या खालच्यांचं ड्रायव्हिंग लायसन उभं असतं, वरच्यांचं आडवं, आणि हे उभं होतं. तिने तरी तारखेवरून बोटांवर हिशोब केला, मग कॅन आपल्याकडे ओढून घेतला आणि म्हणाली, सॉरी, नाही. दोन मिनिटांत त्याच्या मागोमाग एक अधिकारी आत, ओळखपत्र दाखवलं, म्हणाले पास. मी एकटा असतो तर काय झालं असतं हे बायकोने घरी जाताना तीनदा विचारलं.

अर्ज २४ ऑक्टोबरला गेला. मुदतीत अर्ज केलेल्यांचा धंदा चालू ठेवता येतो म्हणून विक्री सुरूच होती. आता गंमत बघा, ज्या १ ऑक्टोबरला आमची अर्जाची मुदत सुरू झाली त्याच १ तारखेला वॉशिंग्टनमध्ये सरकार बंद पडलं. ते शटडाऊन ४३ दिवस चाललं आणि १२ नोव्हेंबरला जे बिल पास करून उठवलं त्या बिलाच्या पोटात हेम्पची नवी व्याख्या होती. आता नुसतं डेल्टा-९ नाही तर टीएचसीए वगैरे सगळं धरून एकूण टीएचसी, आणि तयार मालाला टक्का नाहीच, एका डब्याला जास्तीत जास्त ०.४ मिलिग्रॅम. डबा म्हणजे कुठला तर मालाला चिकटून असलेलं सगळ्यात आतलं वेष्टण. लागू एक वर्षाने, नोव्हेंबर २०२६. २०१८ ला हेम्प मोकळं करण्यात सिनेटर मिच मॅकॉनेल पुढे होते आणि हे आवळण्यातही तेच पुढे.

माझ्या फ्रिजमधला सगळ्यात साधा कॅन ५ मिलिग्रॅमचा. ०.४ च्या साडेबारापट. म्हणजे राज्य मला ज्या मालाचं लायसन देणार, तो माल वर्षभराने केंद्राच्या लेखी हेम्पच राहणार नाही. आणि टार्गेट या मोठ्या दुकानांच्या साखळीने त्याच ऑक्टोबरमध्ये मिनेसोटातल्या दहा दुकानांत ही ड्रिंक्स ठेवायला सुरुवात केलेली, म्हणजे आमच्यासारखे छोटेच गाफील होते असं नाही.

धंद्याचं एक वेळ बघून घेऊ, गल्ल्याचा पाचवा हिस्सा जाईल, मॅगी वाढवू. माझी झोप उडाली ती वेगळ्या कारणाने. माझं ग्रीन कार्ड आहे, सिटिझनशिपचा अर्ज पुढच्या वर्षी करायचा विचार. वकीलबाईंना सहज म्हणून फोन केला तर त्यांनी एप्रिल २०१९ चं यूएससीआयएसचं, म्हणजे केंद्राच्या इमिग्रेशन खात्याचं, धोरण सांगितलं, की राज्यात लीगल असलं तरी गांजाच्या धंद्यात काम केलं तर चांगल्या वर्तणुकीच्या अटीत अडकू शकता. राज्याचं लायसन भिंतीवर लावलेलं असलं तरी. आत्तापर्यंत आपण सुरक्षित, कारण केंद्राच्या ड्रग कायद्यात गांजाच्या व्याख्येतून हेम्प बाहेर काढलेलं आहे. पण नोव्हेंबर २०२६ नंतर तोच कॅन विकला तर तो हेम्प नाही, आणि हेम्प नाही म्हणजे काय हे तुम्हीच बघा, असं म्हणून त्या गप्प बसल्या. तासाला किती घेतात ते सांगत नाही, पण ती शांतता पण बिलात धरली असणार.

माझ्यासारखे ग्रीन कार्डवाले, एचवन व्हिसावाल्यांच्या बायका ज्या ईएडीवर (कामाच्या परवान्यावर) अशा दुकानांत काउंटरला असतात, त्यांनी राज्याच्या खात्याला विचारून थांबू नये. ते खातं त्यांच्या कायद्याचं उत्तर देतं, आणि बरोबरच देतं. इमिग्रेशनवाला दुसरं पुस्तक उघडतो.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते, मग म्हणाले, "म्हणजे झाड तेच, पाकीट तेच, तारीख बदलली की मुद्देमाल." मग विचारलं, जुना साठा राहिला तर त्याचं काय, पंचनामा कोण करणार. हा प्रश्न खरं तर वॉशिंग्टनमध्ये कोणीतरी विचारायला हवा होता.

हे लिहितोय तेव्हा जानेवारी २०२६ आहे, बाहेर उणे वीस, लायसनचा अर्ज अजून तपासणीत दिसतोय. परवा डिस्ट्रिब्युटरचा मेसेज आला, ३० टक्के सूट, पॅलेट उचला. पार्टनर म्हणाला वीस केस घेऊया. मी एक सँपल कॅन उलटा करून बुडावरची एक्सपायरीची तारीख बघितली, जानेवारी २०२७. सहा केस लिहिल्या आणि लॅब रिपोर्ट आधी मागितला.